विसरणारी चिमणी

बाई आत आल्या आणि पहिल्यांदा त्यांनी आपल्या मागचं दार लावून घेतलं. मग दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"वहिनी तुम्हीच ना?"

"मीच. बसा."

"बसते. पण आधी एक सांगा. माणसाला वेड लागत असलं, तर त्याचं त्याला कळतं का?"

खिडकीपाशी रंगाच्या नळ्या पुसत बसलेल्या भाऊजींचा हात थांबला. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आता भावजयीच्या उद्योगात लुडबुड करत होते. वहिनींनी विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. नोकरी सुटली, पण खोटं शोधायची खोड सुटली नाही. भाऊजी हाक मारायचे म्हणून सगळं गावच त्यांना वहिनी म्हणायचं.

"वेड लागलेला माणूस दार लावून घेत नाही," वहिनी म्हणाल्या. "घाबरलेला घेतो. कशाला घाबरलात?"

बाईंनी गळ्यातल्या कापडी पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. तळहाताएवढी, राखाडी, काचेच्या पडद्याची. कडेच्या खाचेत काडीसारखं पेन.

"हिला," त्या म्हणाल्या.

बाई भूलतज्ज्ञ होत्या. एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी रोग्यांना भूल देणं हे त्यांचं काम. ही वस्तू म्हणजे त्यांचा पीडीए, खिशात मावणारा छोटा संगणक. गजर वाजला की चिवचिवते म्हणून घरात तिचं नाव चिमणी पडलं होतं.

"दोन वर्षं माझा उजवा हात होती ही. रोग्याचं वजन टाकलं की डोसाचं गणित काढून देते. कुणाला कशाची अॅलर्जी, कुणाचं हृदय अधू, कुणाला कधी तपासायचं, सगळं हिच्यात. मग मी बाकी कुठे लिहायचंच सोडलं. केसपेपर सर्जनवर सोपवले. आणि आता..." बाईंचा आवाज खाली गेला. "आता मी लिहिलेलं तिच्यात सापडत नाही."

"म्हणजे पुसलं जातं?"

"काय जातं तेच कळत नाही. दुपारी एका बाईंना तपासून त्यांचा रक्तदाब लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कोरं. केलेल्या कामापुढे मी खूण करते. रात्री पाहते तर खूण गायब, आणि चिमणी पुन्हा चिवचिवते, हे करा म्हणून. माझी स्वतःची रक्तदाबाची गोळी मी असंच दोनदा घेतली. चक्कर येऊन बाथरूमच्या दारात पडले."

"अरे बाप रे," भाऊजी म्हणाले.

"ते काहीच नाही, काका." बाईंनी डोळे मिटले. "गेल्या आठवड्यात एक रोगी टेबलावर होता. चिमणीत त्याचं नाव होतं, वजन होतं, अॅलर्जीच्या जागी काही नव्हतं. मी इंजेक्शन भरलं. सुई लावणार, तेवढ्यात आमच्या सिस्टरनी सवयीनं त्याला विचारलं, काका, कुठलं औषध चालत नाही असं आहे का? तर तो म्हणाला, ते एक इंजेक्शन चालत नाही, मरता मरता वाचलोय त्यानं. काल बाईंना सांगितलंय ना मी. तेच इंजेक्शन माझ्या हातात होतं, वहिनी."



"त्यानं खरंच सांगितलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"मला आठवतं की सांगितलं होतं. मला आठवतं की मी लिहिलं होतं. पण माझी आईसुद्धा असंच म्हणायची. गॅस बंद केला, आठवतंय मला, म्हणायची. माझ्याच वयाची होती तेव्हा. शेवटी तिनं मलाही ओळखलं नाही." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताई, माझी मोठी बहीण, आमच्याजवळच असते. तिनंच आईचं सगळं केलं. ती रोज म्हणते, छोटे, आईचंही अस्संच सुरू झालं होतं."

वहिनींनी चिमणी हातात घेतली. "हिला दुसरं कोण हात लावतं?"

"कुणी नाही. दिवसभर गळ्यात, झोपताना उशीखाली. फक्त घरी आल्यावर आंघोळ करून येईपर्यंत तिच्या स्टँडवर असते. स्टँड आमच्या ह्यांच्या संगणकाला जोडलेलाय. सकाळी निघताना एक बटण दाबलं की सगळ्याची नक्कल संगणकात जाते."

"संध्याकाळी नाही दाबत?"

"नाही. सकाळची सवय आहे."

"बरं. आता नीट आठवून सांगा. तुम्ही लिहिलंच नव्हतं असं काही हिच्यात आलंय का कधी? परकं, नवं काही?"

बाई विचारात पडल्या. "नाही. पुसलेलं परत आलंय. नवं काही नाही."

"आणि चार दिवसांपूर्वीचं लिहिलेलं गेलंय कधी?"

"नाही... जातं ते त्याच दिवशीचं. आईचंही तसंच होतं. जुनं सगळं पाठ, आजचं नाही."

वहिनींनी पेन काढून एका नावावर टेकवलं. पडद्यावर त्याच्या खालचं नाव उघडलं.

"हे असं का?"

"महिनाभर झालं, तसंच होतंय. जरा वर टेकवावं लागतं. आता तर मला वाटतं, माझा हातच कापतो."

"माझा तर नाही ना कापत?" वहिनी म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉस्पिटलात गेले. भाऊजींच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे, अशी थाप ठरली होती. भाऊजींना हर्निया नव्हता आणि तो कुठे असतो हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते कधी पोट धरत होते, कधी कंबर.

बाईंच्या हाताखालचा धाकटा डॉक्टर बोलका निघाला.

"बाईंकडूनच भूल घ्यायचीय का? नाही, बाई उत्तमच आहेत. पण सध्या त्यांची तब्येत..." त्यानं आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात त्या सोडूनच जाणार होत्या. त्यांच्या मिस्टरांना दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालंय. मग जागा माझ्याकडेच येणार आहे."

"तुमच्याकडेही तसलंच यंत्र आहे की," वहिनी म्हणाल्या. त्याच्या खिशातून राखाडी कड डोकावत होती.

"हो, तेच मॉडेल. दोन्ही समोरासमोर धरली की एकातलं दुसऱ्यात जातं, तारेशिवाय. पण समोरच्यानं 'घ्या' म्हणून टिचकी मारल्याशिवाय नाही. बाईंना म्हटलं, रोज संध्याकाळी तुमची यादी माझ्यात देऊन ठेवा. त्या रागावल्या. मला त्यांची जागा हवीय असं वाटलं असेल." तो ओशाळून हसला. "हवी तर आहेच. पण अशी नकोय."

त्यानं आपल्या यंत्रावर पेन टेकवून दाखवलं. जिथे टेकवलं तिथेच उघडलं.

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "हाच! गोड बोलतो म्हणजे हाच."

"भाऊजी, पोट सोडा आता. कुणी बघत नाहीये."

* * *

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाई हॉस्पिटलात असताना वहिनींना ते पाहायचं होतं. नवऱ्याला बाईंनी फोन करून खरं काय ते सांगून ठेवलं होतं. ताईंना मात्र ही जुन्या ओळखीची माणसं एवढंच.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. टेबलावर ताणलेल्या कागदावर तो पट्टी न लावता रेघ ओढत होता, आणि ती रेघ दोऱ्यासारखी सरळ उतरत होती. भाऊजी चित्रकलेचे मास्तर. ते तिथेच खिळले.

"वा! काय हात आहे!"

"सवयीनं येतं," तो म्हणाला. त्याचे डोळे जागरणानं लाल होते. कोपऱ्यात संगणक होता, शेजारी चिमणीचा रिकामा स्टँड. "मीच आणून दिली तिला ती वस्तू. दुकानदारानं तिथेच सुरू करून, सगळं लावून हातात दिली. आता वाटतं, आणली नसती तर बरं झालं असतं. दोन्ही सेल संपले की कोरी होते, एवढा एकच दोष सांगितला होता त्यानं. तेही मी घरी सगळ्यांना समजावून दिलं होतं. घाबरायचं नाही, स्टँडवर ठेवून बटण दाबायचं की संगणकात आहे तेवढं परत येतं. पण सेल काही संपलेले नाहीत. मी पाहिलंय."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मला भीती वाटते की ताई म्हणतात तेच खरंय. नव्या शहरात तिला घेऊन जाऊ की नको? मी तिकडच्या लोकांना थांबायला सांगितलंय. ती आता माझ्यापाशीसुद्धा झोपत नाही. ताईंच्या खोलीत, त्यांचा हात धरून झोपते. लहान मुलीसारखी."

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शिवण घेऊन बसल्या होत्या. गोऱ्या, शांत, केस नीट बांधलेले. भाऊजींना पाहून त्यांनी सुई पुढे केली.

"एवढा दोरा ओवून द्या हो. मला मेलं भोकच दिसत नाही. चष्मा झाला तरी तेच."

भाऊजींनी दोरा ओवला. वहिनी शेजारी टेकल्या.

"बहिणीचं फार करता तुम्ही."

"आईसारखंच वाढवलंय तिला. मी शाळा सोडली, ती डॉक्टर झाली. मग आईचं आजारपण. चौदा वर्षं." त्या टाका घालत बोलत होत्या. "आता हिचं. माझ्या नशिबात करणंच लिहिलंय. करीन. दुसरं कोण आहे तिला?"

"नवरा आहे की."

"पुरुषांना कंटाळा येतो," ताई म्हणाल्या.

"ती चिमणी तुम्हाला येते का वापरता?"

"मला? इश्श! त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या फुल्यांवर टिचक्या मारत बसा, कोण करणार? आम्ही आपले पाटी-पेन्सिलवाले." त्या हसल्या. हसताना अगदी बाईंसारख्या दिसल्या. "नोकरी सोडू दे म्हणावं. घरी राहू दे. मी आहे."

जिना उतरताना भाऊजी हळहळले. "देवमाणूस आहे हो. त्या नवऱ्याचं बघा. संगणक त्याचा, स्टँड त्याचा, यंत्र आणलं त्यानं. बायकोला वेडी ठरवून मोकळा होईल तो."

 खाली आल्यावर वहिनींनी वर खिडकीकडे पाहिलं. ताई तिथे उभ्या राहून त्यांच्याकडेच पाहत होत्या.

* * *

दुपारी वहिनींनी बाईंना जिथून चिमणी घेतली त्या दुकानात बोलावलं. निमित्त नव्या सेलचं.

"बदलताना झटपट बदला," दुकानदार म्हणाला. "बाकी यंत्र सोन्यासारखं. खिशात मावतं, लगेच उघडतं, महिना महिना सेल जातात. फक्त सगळी आठवण सेलच्या जोरावर. सेल काढून रेंगाळलात की झालीच पाटी कोरी."

"कोरी झालेली दाखवा ना एखादी."

त्यानं खणातून एक मेलेलं यंत्र काढलं, सेल घातले, भाऊजींच्या हातात दिलं. पडद्यावर कोपऱ्यात एक फुली उमटली.

"तिच्या मध्यावर पेन टेकवा. मग दुसऱ्या कोपऱ्यात येईल, तिच्यावर. पेन कुठे पडतं ते यंत्र यावरून शिकतं. मग तारीख-वेळ लावायची."

"फुली-गोळाच की," भाऊजी खुशीत म्हणाले आणि गप्पा मारता मारता कशाही टिचक्या मारल्या. मग एका ओळीवर पेन टेकवलं तर भलतीच उघडली. दुकानदार हसला. "कोरी झाली की एकदाच विचारते ती. नीट मारायच्या असतात."

बाई कुतूहलानं पाहत होत्या. "हे मी कधी पाहिलंच नाही. माझी चालू केली की थेट आजचा दिवस येतो."

वहिनींच्या सांगण्यावरून भाऊजींनी नव्या सेलवर लाल रंगाचा एकेक ठिपका दिला आणि दोन्ही ठिपके वर ठेवून ते चिमणीत बसवले. मग वहिनी बाईंना म्हणाल्या, "उद्या कुणाचं ऑपरेशन आहे?"

"एक मुलगी आहे. तिला दमा आहे. आत्ताच तपासून आले."

"ते आमच्यासमोर लिहा. आणि घरी गेल्यावर रोजच्यासारखं वागा. आम्हीही येतो."

* * *

संध्याकाळी बाईंनी चिमणी स्टँडवर ठेवली आणि त्या आंघोळीला गेल्या. वहिनी आणि भाऊजी दिवाणखान्यात नवऱ्यासमोर बसले. ताई आत-बाहेर करत होत्या. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.  नवरा गुडघ्यावर बोटं वाजवत होता. आतल्या खोलीतून एकदा बारीकसा चिवचिवाट झाला आणि थांबला. 

बाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. वहिनींनी चिमणी आणवली.

"उद्याची मुलगी काढा."

बाईंनी पेन टेकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नाव आहे. बाकी... दमा नाही. मी लिहिला होता ना? वहिनी, मी लिहिला होता ना?"

"लिहिला होता. मी पाहिलाय, भाऊजींनी पाहिलाय. तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. आधी खाली बसा."

बाई बसल्या. ताई धावत येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागल्या.

"तुमची आई आजचं विसरायची," वहिनी म्हणाल्या. "ही चिमणीही नेमकं आजचंच विसरते. म्हणून सगळ्यांना सारखं वाटलं. पण तुम्ही मला पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं. नवं काही कधी आलं नाही. लिहिलेलं गेलं, पुसलेलं परत आलं, केलेल्या कामाची खूण उडाली. तीन वेगळे चमत्कार नव्हेत हे. एकच आहे. यंत्र दर वेळी सकाळच्या स्थितीत परत जात होतं. तुम्ही निघताना जी नक्कल संगणकात ठेवायचात, तीच संध्याकाळी कुणीतरी परत भरत होतं. त्याआधी सेल काढून, यंत्र पूर्ण मरू देऊन."

नवरा ताडकन उठला. "माझ्या संगणकातून?"

"तुमच्याच. म्हणून तो धाकटा डॉक्टर सुटला. त्याच्या यंत्रातून तुमच्या चिमणीत काही टाकता येईल, पण तिला मागे नेता येणार नाही. ते फक्त इथल्या स्टँडवर होतं. उरली या घरातली माणसं."

"वहिनी, मी नाही..."

"तुम्ही नाही. कोरं झालेलं यंत्र फुल्यांवर पेन टेकवायला सांगतं. ज्यानं टेकवलं त्याचा नेम चुकलेला होता, म्हणून महिनाभर बाईंचं पेन खालच्या ओळीवर पडतंय. तुम्ही पट्टीशिवाय रेघ ओढता. तुमचा नेम चुकायचा नाही. ज्याला सुईचं भोक दिसत नाही त्याचा चुकेल."

पाठीवरून फिरणारा हात थांबला.

"सकाळी मी ताईंना विचारलं, चिमणी येते का. त्या म्हणाल्या, त्या फुल्यांवर टिचक्या कोण मारणार. ती फुली यंत्र मेल्यानंतरच दिसते. बाईंनी स्वतः ती आज पहिल्यांदा पाहिली. खरेदीच्या दिवशी ती दुकानदारानं उरकली होती. मग ताई, तुम्ही कुठे पाहिलीत?"

"मी... कुणीतरी सांगितलं असेल."

वहिनींनी चिमणीचं मागचं झाकण सरकवलं. लाल ठिपक्यांपैकी एकच वर होता. दुसरा सेल फिरला होता.

"दुपारी दोन्ही वर होते," भाऊजी हळूच म्हणाले. त्यांना ते म्हणताना वाईट वाटत होतं.

 मग ताई बोलल्या, आणि आवाज अगदी साधा होता.

"पहिल्यांदा चुकून झालं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून हिच्यातले सेल काढून घालून पाहिले. परत लावते तर सगळं गेलेलं. घाबरले. छोटीच्या नवऱ्यानं सांगितलं होतं तसं बटण दाबलं, परत आलं. वाटलं, सुटले." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "रात्री तू माझ्याकडे आलीस. म्हणालीस, ताई, मला आईसारखं होतंय, मला सोडू नकोस. माझ्या कुशीत रडलीस. किती वर्षांनी, छोटे! त्याच्या आदल्या दिवशीच तर तुम्ही दोघं नव्या घराचं बोलत होता. त्यात माझी खोली नव्हती."

"म्हणून पुन्हा केलंस?"

"तू घरी राहशील असं वाटलं. तुझी नोकरी सुटेल, जाणं मोडेल. मी तुझं सगळं केलं असतं. आईचं केलं तसं. एक दिवस तुला कमी पडू दिलं नसतं."

"टेबलावर माणूस होता, ताई," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात सुई होती."

"ते मला काय माहीत?"

"त्या रात्री मी तुला सांगितलं. सगळं सांगितलं. तू माझे केस कुरवाळत होतीस. आणि आज पुन्हा सेल काढलेस. उद्या त्या टेबलावर एक लहान मुलगी असणार होती."

 ताईंनी हात पुढे केला. बाई खुर्चीसकट मागे सरल्या. नवरा मध्ये येऊन उभा राहिला, आणि मग आपण कुणापासून कुणाला वाचवतोय हे न कळून तसाच राहिला.

वहिनी उठल्या. "पोलिसांत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण सर्जनना आज सगळं सांगा. त्या मुलीचा दमा केसपेपरवर जायला हवा."

"आत्ताच फोन करते," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन केला. आवाज स्थिर होता. मुलीचं नाव, वय, वजन, दमा, चालू औषधं. चिमणीकडे न पाहता एकेक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि गेल्या आठवड्यात काय घडलं तेही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी एका पिशवीत दोन साड्या घातल्या. नवऱ्यानं चपला घातल्या.

ताई दारापर्यंत आल्या. "छोटे, कुठे निघालीस? जेवायची वेळ झालीये."

बाई जिन्यावर थांबल्या. महिनाभर त्या विसरण्याला भीत आल्या होत्या. आता त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. रोज संध्याकाळी आपण आंघोळीहून यायचो, ताई टॉवेल घेऊन दारात उभी असायची, आणि विचारायची, आज काय काय विसरलीस, सांग बघू.

त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि मागे न पाहता त्या जिना उतरू लागल्या.